कुमुदताई, तुमच्या बारा कात्र्या

कुमुदताई,

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. या दिवसांत जे जे माझ्याशी तुमच्याबद्दल बोलले, ते सगळे तुमच्या कष्टांबद्दल बोलले. नांदगावहून नाशकात आलात तेव्हा नवरा गेलेला होता, पदरात दोन वर्षांची सुनीता होती, वगैरे. खोटं त्यात काहीच नाही. पण तुम्हाला हे कौतुक कधी आवडलं नाही. ‘कष्ट सगळेच करत्यात. मी काम करते,’ असं तुम्ही जरा तोऱ्यातच म्हणायचात. कष्ट आणि काम यांत तुम्ही जो फरक करायचात, तो कळायला मला फार वर्षं लागली. म्हणून मी तुमच्या कामाबद्दल लिहिते आहे. आणि मी त्या कामाचं काय केलं, त्याबद्दल.

अंबडच्या आपल्या कारखान्यात मी लागले तेव्हा माझ्याकडे बी.कॉम.ची पदवी होती आणि टायपिंगचं सर्टिफिकेट. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड, वीस-बावीस माणसं, आणि ऑपरेशनला लागणाऱ्या कात्र्या. बाहेरून घडवून आलेली पाती आपल्याकडे घासली जायची, भट्टीत कडक केली जायची, जोडून पॉलिश व्हायची आणि सगळ्यात शेवटी तुमच्या टेबलावर यायची. तुम्ही पास म्हटलंत की जर्मनीला जाणाऱ्या खोक्यात, नाही म्हटलंत की लाल ट्रेमध्ये. साहेबांनी पहिले दोन महिने मला तुमच्या हाताखाली बसवलं. ऑफिसात बसणाऱ्याला माल कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

तुम्ही कात्री आधी कानाशी न्यायचात. दोनदा उघडायची, दोनदा मिटायची. आत कुठे कचकच ऐकू आली तर पुढे बघायचंच नाही. मग ओल्या मलमलीची पट्टी. मी पहिल्या दिवशी पट्टी मधूनच कापली आणि ‘छान कापते’ म्हणाले, तर तुम्ही कात्री माझ्या हातून काढूनच घेतलीत.

‘मधनं कुठलीबी कात्री कापती, शैला. टोकाला कापती का बघ. डॉक्टर टोकानंच काम करतो.’

टोकाला कापड एवढंसं जरी दुमडलं, तरी ती कात्री लाल ट्रेमध्ये. तुमच्या ट्रेमुळे ग्राइंडिंगची माणसं चिडायची, साहेब वैतागायचे. तुम्ही मात्र दुपारी डबा संपवून शांतपणे मेथी निवडायला बसायचात. पंचवटीच्या बाजारातून सकाळी बसला येतानाच भाजी घ्यायची तुमची सवय. अर्धी जुडी माझ्यापुढे टाकून म्हणायचात, ‘हात रिकामे बरे दिसत नाय.’

ती दुपार तुम्हाला आठवत असणारच. शहरातल्या एका मोठ्या सर्जनचा माणूस कागदात गुंडाळलेली एक कात्री घेऊन आला. धार लावून हवी होती. परदेशी कात्री, डॉक्टर कितीतरी वर्षं वापरत होते. धार लावायला देण्याआधी तुम्ही ती कानाशी नेलीत आणि तशाच थांबलात. पुन्हा उघडलीत, मिटलीत.

‘पट्टी दे,’ म्हणालात.

मी एक दिली, मग दुसरी, मग अख्खा गठ्ठाच तुमच्यापुढे सरकवला. पंधरा-सोळा पट्ट्या तुम्ही नुसत्या टोकाने कापल्यात. धार गेलेली कात्री होती ती, आणि तरी एकदाही कापड दुमडलं नाही. मग तुम्ही आपल्या पास झालेल्या खोक्यातली एक उचललीत. ती सकाळी तुम्हीच पास केली होती. दहाव्या पट्टीला तिचं टोक किंचित अडखळलं. कुणी काही बोलायच्या आत तुम्ही ती लाल ट्रेमध्ये टाकलीत.

‘कुठली हाय ही?’

मी पात्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि मला हसूच आलं. ‘ताई, हे तर आपलंच गाव! आपली खोकी जर्मनीत जातात ना, तेच. सकाळीच मी पत्ता टाइप केलाय.’

तुम्ही हसला नाहीत. ‘म्हंजे ते आपल्याला कात्र्या धाडत्यात आणि आपण त्यांना धाडतो?’

‘हो.’

‘कशापायी? दोघांकडं बी कात्र्या हायत ना?’

मी साहेबांना विचारलं. त्यांनी अगदी सहज सांगितलं. धंदा एक असला तरी माल दोन आहेत. त्यांची कात्री सर्जन आयुष्यात एकदा घेतो आणि जपतो. आपली तिथे पाकिटातून जाते. टाके काढायला, पट्टी कापायला वापरतात आणि टाकून देतात, कारण त्यांच्याकडे ती धुऊन उकळून ठेवायची मजुरीच कात्रीपेक्षा जास्त पडते. स्वस्त कात्री बनवणं त्यांना परवडत नाही, आणि महाग कात्री आपल्याकडून कुणी घेत नाही. म्हणून जहाजं दोन्हीकडून भरून जातात.

मी शहाण्यासारखं हे सगळं तुम्हाला येऊन सांगितलं. आपल्याला एक नवी गोष्ट कळली याचाच मला आनंद होता. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, ‘म्हंजे मी एवढं टोक तपासते, ते फेकून द्यायच्या कात्रीचं?’

‘एकदाच वापरली तरी नीट कापायला हवीच ना, ताई.’

‘हां,’ तुम्ही म्हणालात. ‘पण फेकणाऱ्याला टोक कशाला कळंल?’

दुसऱ्या दिवशी तुम्ही साहेबांच्या केबिनमध्ये गेलात. तशा कात्र्या करून बघायच्या आहेत, ड्यूटी संपल्यावर एक तास, लाल ट्रेमधलीच पाती वापरून. साहेबांचं त्यात काही जात नव्हतं. त्यांनी हो म्हटलं. ग्राइंडिंगवरचे युसूफचाचा तुमच्याबरोबर उभे राहिले, ज्यांच्याशी तुमचं रोज भांडण व्हायचं तेच. ‘ये बाई मेरा माल रोज फेकती है,’ ते मला म्हणाले, ‘अब देखता हूं इसका खुद का कैसे पास होता है.’

पहिल्या कात्र्या तुम्हीच नापास केल्यात. नंतरच्याही. धार चाचांनी कितीही बारीक केली तरी टोक अडखळायचंच. तुम्ही त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन, बाहेर दीड तास बसून, त्यांची कात्री पुन्हा एकदा बघून आलात. आल्यावर मला म्हणालात, ‘धारेत नाय गं ते. बाकात हाय.’ दोन पाती सरळ नसतात, एकमेकांपासून जरा बाहेर वाकलेली असतात, आणि कात्री मिटताना एका वेळी एकाच जागी एकमेकांना भेटतात, मागून पुढे सरकत टोकापर्यंत. तो बाक मशीनने येत नव्हता. चाचांना प्रत्येक पातं छोट्या हातोडीने ठोकून, उजेडापुढे धरून बघून, पुन्हा ठोकून आणावा लागायचा. एकेका कात्रीला दोन-दोन संध्याकाळ लागायच्या.

ते महिने मला आठवतात ते तुमच्या चेहऱ्यामुळे. तुम्ही इतकी वर्षं दुसऱ्यांचं तपासत होतात. आता तुमच्या हातचं काही तयार होत होतं. कात्री कानाशी न्यायच्या आधी तुम्ही डोळे मिटायचात, आणि चाचा समोर हात बांधून उभे. एक दिवस तुम्ही डोळे उघडलेत आणि ती कात्री त्यांच्या हातात दिलीत. त्यांनी स्वतः पट्टी कापली. मग आणखी एक. ‘अल्ला,’ एवढंच म्हणाले आणि स्टुलावर बसले.

बारा झाल्यावर आपण त्या जर्मनीच्या कंपनीला नमुना म्हणून पाठवल्या. पत्र मी लिहिलं. ‘काय लिहू?’ मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, ‘लिही, आम्हाला बी जमतं.’ मी इंग्रजीत लिहिलं की नमुना तपासून अभिप्राय कळवावा. तुमच्या वाक्याचं इतकं मिळमिळीत काहीतरी मी केलं, आणि तुम्हाला वाचून दाखवताना मात्र म्हटलं, ‘तुम्ही म्हणालात तसंच लिहिलंय.’

उत्तर दीड महिन्याने फॅक्सवर आलं.

ताई, तो फॅक्स मशीनमधून निघताना मी तिथेच उभी होते. त्यांच्या तपासनिसाने आपल्या बारा कात्र्या त्यांच्या बारा कात्र्यांमध्ये मिसळल्या होत्या, खुणा झाकून. त्याला वेगळ्या काढता आल्या नाहीत. ज्या कारागिरांनी हे काम केलं त्यांना आमचं अभिनंदन आवर्जून कळवावं, असं लिहिलं होतं. आणि त्याच्या खाली, दुसऱ्या परिच्छेदात, की या दर्जाचा माल आम्ही स्वतः बनवतो, तो तुमच्याकडून घेण्याचा विचार नाही. आमचे सर्जन भारतात बनलेली कात्री घेणार नाहीत. मात्र नेहमीच्या मालाची किंमत आणखी खाली आणता आली तर मागणी दुप्पट करू. शेवटचं पॉलिश गाळलं तरी आमची हरकत नाही.

मी कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. खिडकीतून तुमचं टेबल दिसत होतं.

‘शैला, हे तिला सांगू नकोस,’ ते म्हणाले. ‘तिला जर कळलं आपण एक नंबर करू शकतो, तर ती दोन नंबरवर शिक्का मारणारच नाही. निम्मा माल लाल ट्रेमध्ये जाईल. ही ऑर्डर आपल्याला हवीय.’

साहेबांवर सगळं ढकलता आलं असतं तर मी सुखाने झोपले असते. पण त्यांनी गळा धरला नव्हता माझा. मी त्या आठवड्यात ऑफिसात कायम होणार होते, हे एक. आणि दुसरं, मला तेव्हा खरंच वाटलं होतं की मी तुमच्यावर दया करते आहे. ‘कात्री खराब आहे’ हे ऐकून माणूस पुन्हा करून बघतो. ‘कात्री चांगली आहे, पण तुमच्याकडून नको’ हे ऐकून त्याने काय करायचं? त्यापेक्षा काहीच न कळलेलं बरं, असं मी ठरवलं. माझं वय तेव्हा तेवीस होतं आणि तुमच्यासाठी काय बरं ते मी ठरवलं.

तुम्ही संध्याकाळी विचारलंत, ‘आलं का गं काही?’

‘नाही, ताई.’

पुढच्या सोमवारी विचारलंत. त्याच्या पुढच्याही. चाचा लांबूनच मान वर करून बघायचे आणि मी मान हलवायचे. तीनेक महिन्यांनी तुम्ही मेथी निवडता निवडता खाली बघूनच म्हणालात, ‘नापास झाल्या असतील. कळवायला बी बरं वाटलं नसंल त्यांना.’

आणि मी म्हणाले, ‘असेल.’

नुसतं गप्प बसले असते तरी चाललं असतं. ‘असेल’ म्हणायची काही गरज नव्हती.

त्यानंतर तुमचा कान गेला. ऐकू येत होतं, पण तुमचा त्याच्यावर विश्वास राहिला नाही. जी बाई कुणाला न विचारता साहेबांच्या डोळ्यांदेखत माल नापास करायची, ती एखादी कात्री हातात घेऊन मला विचारायला लागली, ‘ही चालंल का गं?’ मी म्हणायचे, चालेल. लाल ट्रे रिकामा राहू लागला. सगळे खूश होते. पॉलिशचा शेवटचा हात बंद झाला, ऑर्डर दुप्पट झाली, दहा नवी माणसं लागली. त्या दहा घरांत चूल नीट पेटली हेही खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. आपलं भांडण त्यावरच तर व्हायचं.

‘आज आपण स्वस्त म्हणून घेत्यात,’ तुम्ही म्हणायचात. ‘उद्या आपल्याहून स्वस्त कुणी दिलं तर?’

‘मग आपण आणखी स्वस्त करू.’

‘किती? कुठवर?’

मी हसायचे. तुम्हाला धंदा कळत नाही, असं मी एकदा तोंडावर म्हणाले. तुम्ही त्या दिवशी माझ्यापुढे अर्धी जुडी टाकली नाहीत. दुसऱ्या दिवशी टाकलीत.

चाचांचे डोळे अधू झाले तेव्हा ते मालेगावला मुलाकडे गेले आणि तिकडेच वारले. त्यांनाही कळलं नाही. नवं शतक लागल्यावर दोन-तीन वर्षांत त्या कंपनीला दुसऱ्या देशातून आपल्याहून कमी दरात कात्री मिळाली आणि त्यांनी तसं सरळ कळवलं. साहेबांनी वर्षभर ओढून पाहिलं. मग शेड विकली. मला दुसऱ्या एका निर्यातीच्या ऑफिसात महिन्याभरात नोकरी मिळाली, मला कागद करता येत होते. तुम्ही पंचवटीत एका शिंप्याकडे काजं करायला बसलात. मी अधूनमधून यायचे. तुम्ही चहा करायचात, आणि कारखान्याबद्दल कधी चकार शब्द काढायचा नाहीत.

गेल्या महिन्यात सुनीताचा फोन आला की आईचं काही खरं नाही, तेव्हा मी घरी कपाटातली जुनी फाईल काढली. फॅक्स मी फेकला नव्हता. का ठेवला होता ते मला सांगता येणार नाही. पण फॅक्सचा तो गुळगुळीत कागद ताई, त्याच्यावरची शाई टिकत नाही. पार उडून गेली होती. कोपऱ्यात एक-दोन राखाडी रेघा, बाकी कोरा. मी तोच घेऊन दवाखान्यात आले.

दुपारी भेटायची वेळ होती. सुनीता खाली औषधं आणायला गेली होती. मी तुमच्या खाटेशी बसले आणि सगळं सांगितलं, मिसळलेल्या चोवीस कात्र्या, न ओळखू आलेला माल, अभिनंदन, आणि दुसरा परिच्छेद. तुम्ही छताकडे बघत होतात. सांगून झाल्यावर मी कागद तुमच्या हातात दिला.

‘ह्याच्यावर तर काय बी नाय.’

‘होतं, ताई. उडून गेलं.’

तुम्ही तो उलटा करून बघितलात. ‘असतं तरी मला इंग्रजी कुठं येतं.’

शेजारच्या खाटेवरच्या बाई आमच्याकडे बघत होत्या.

‘तुला कवा कळलं हे?’

‘तेव्हाच.’

‘तवाच.’

‘हो.’

‘तवा चाचा होते?’

‘होते. पुढे चार वर्षं होते.’

तुम्ही कूस बदललीत, भिंतीकडे तोंड केलंत. माझ्याकडे पाठ करायला तुम्हाला किती त्रास झाला ते मी बघत होते आणि मला हात लावायचं धाडस झालं नाही. ‘जा आता,’ तुम्ही म्हणालात. रागाने नाही. दिवस संपला, घरी जा, असं म्हणतात तशा आवाजात. कागद तुमच्या मुठीत तसाच होता.

मी दुसऱ्या दिवशी यायला निघाले होते, आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला.

काल सुनीता माझ्या घरी आली होती. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘मावशी, एक विचारायचं होतं. ते जर्मनीचं काय होतं?’

‘का गं? आई काही बोलली?’

‘काही म्हणजे? शेवटचे तीन दिवस दुसरं काही बोललीच नाही. नर्सला सांगितलं, झाडायला येणाऱ्या बाईला सांगितलं. “माझी कात्री जर्मनीत पास झाली. त्यांना ओळखू बी आली नाय.” शेजारच्या खाटेवरच्या बाईंना तर कितीदा! त्या कंटाळून म्हणायच्या, हो कुमुदबाई, ऐकलं. डॉक्टर राउंडला आले तेव्हा त्यांना म्हणाली, टाके कशानं काढता, दाखवा. आणि ते दाखवायला गेले तर कानाशी नेली कात्री. इतकी हसली, मावशी. मी तिला अशी हसताना बघितलंच नव्हतं. घेतली का त्यांनी मग, असं त्या बाईंनी विचारलं, तर म्हणाली, नाय घेतली. त्यांचं ते बघतील. पास झाली ना.’

मी रडत होते. सुनीताला वाटलं तुमच्या आठवणीने.

‘कुणी सांगितलं म्हणाली?’ मी विचारलं.

‘पत्र आलं होतं म्हणाली.’

‘आणि माझं? माझं काही म्हणाली?’

सुनीताने पेला खाली ठेवला. ती तुमची मुलगी आहे, तिला खोटं बोलता येत नाही.

‘मी विचारलं होतं तिला,’ ती म्हणाली. ‘म्हटलं, शैलामावशीला बोलावू का? तर म्हणाली, नको.’

ताई, तुम्ही आयुष्यभर जे केलंत तेच शेवटी केलंत. चांगलं होतं ते पास केलंत आणि नव्हतं ते बाजूला ठेवलंत, आणि या वेळी मला विचारलं नाहीत की चालेल का. तुमचा कान परत आला होता. तीन दिवस का होईना, तो तुमच्याजवळ होता, आणि मी त्या तीन दिवसांत बाहेरच होते, हे बरोबरच झालं.

उद्या तुमचं तेरावं. सुनीताने जाताना दारातून सांगितलं, मावशी, जेवायला या. मी येईन. तिने बोलावलंय, तुम्ही नाही, हे लक्षात ठेवून येईन.

शैला